वैद्याचं सूप आणि दोन चुली

लग्न होऊन मी सासरी आले तेव्हा मला स्वयंपाक येत होता, फक्त थांबता येत नव्हतं. भाकरी तव्यावर टाकली की ती फुगेपर्यंत माझा पाय हलत राहायचा. दूध उतू जायच्या आधीच मी ते उतरवायची आणि मग ते नासायचं. सासूबाई म्हणायच्या, "हिच्या पायाला भिंगरी हाये, हिला निजतानाबी बांधून ठेवा." त्या थट्टेनं म्हणायच्या, पण खोटं म्हणत नव्हत्या.

वसमतच्या बाजूला हट्टा म्हणून गाव आहे, त्याच्या अलीकडं दोन कोसांवर आमचं गाव. घरात सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई, त्यांचे दोन मुलगे, आम्ही दोघं नवराबायको आणि आमची तीन वर्षांची मुलगी. आठ तोंडं आणि चूल एक. चूल जाऊबाईंच्या हातात होती, आणि जाऊबाईंना एक खोड होती. मी कालवण केलं, की त्या येता-जाता भांड्यावरचं झाकण उचलायच्या आणि चिमूटभर मीठ टाकायच्या. चाखून बघून टाकलं असतं तर मी एक वेळ सोसलं असतं. त्या न चाखता टाकायच्या. सहा वर्षं मी ती चिमूट बघितली. एकदा मुद्दाम दुप्पट मीठ घालून ठेवलं, तरी त्यांनी वरून टाकलंच. त्या दिवशी सगळं घर पाणी पीत बसलं आणि बोल मला लागला.

त्या वर्षीची खळी उरकली आणि माझ्या डोक्यानं घेतलं, की आता वेगळी चूल. शेत एकच राहू द्या, बैल एकच राहू द्या, मला फक्त माझी चूल हवी होती. नवऱ्यानं आधी नाही म्हटलं, मग गप्प झाला, मग हो म्हटलं. माझ्यासमोर त्याचं सगळं याच क्रमानं व्हायचं. सासूबाई तेवढ्या आडव्या आल्या. म्हणाल्या, "येगळं व्हायचं तर व्हा. पन खळ्यावर व्हतेत येगळं. मधीच न्हाई. माघापर्यंत दम धर."

मला वाटलं, म्हातारी दिवस काढते आहे. पण त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट होती, आणि ती गोष्ट म्हणजे वैद्याचं सूप.

आमच्या बाजूच्या चार-पाच गावांना मिळून एक वैद्य होते. लहानथोर सगळे त्यांना वैद्यबुवा म्हणत. माघात ज्वारीची खळी झाली, की रास घरी नेण्याआधी प्रत्येक चुलीनं त्यांना एक सूप द्यायचं. शिगोशीग भरलेलं सूप, आणि त्यावर घरातल्या प्रत्येक तोंडामागं एक ओंजळ. ओंजळी टाकायच्या त्या चूल सांभाळणाऱ्या बाईनं, आणि टाकून झाल्यावर आकडा मोठ्यानं बोलायचा, खळ्यावरच्या पाच जणांना ऐकू जाईल असा. कागद नाही, शिक्का नाही. ऐकलं त्यांनी ऐकलं, आणि वर्षभर तेच चालायचं.

भरलं सूप देणाऱ्याच्या घरी बुवा स्वतः यायचे, ताप उतरेपर्यंत फेऱ्या घालायचे, औषधाचं वेगळं काही मागायचे नाहीत. अर्धं सूप देणाऱ्यानं दुखणेकऱ्याला गाडीत घालून त्यांच्या ओट्यावर न्यायचं. त्याला औषध मिळायचं, बुवा मिळायचे नाहीत. लमाण तांड्यावरच्या लोकांची खळी लहान, ते सुपाऐवजी तुपाचं मडकं द्यायचे आणि त्या मडक्याला भरल्या सुपाचा मान होता. बाळंतपण सुपात बसत नव्हतं, ते सुईणीचं काम. मोडलेलं हाडही नाही. सासूबाईंचा दमा तर नाहीच, कारण तो बुवांनी हे गाव घेतलं त्याच्या आधीपासूनचा. त्यावर ते काढा द्यायचे, पण "हे माझ्या जिम्म्यात न्हाई" असं दर वेळी ऐकवून. विंचवाला आणि सापाला मात्र कुणाचं सूप बघत नसत. त्यावर काही घेतलं तर औषधाचा गुण जातो, असं ते मानत. लेक सासरी गेली की तिचं तोंड सासरच्या सुपात. आणि नवी चूल मांडली तर पुढचं खळं येईपर्यंत तिला काहीच नाही. दुखणं दारात आल्यावर सूप भरून धावणारे लोक बुवांनी पुष्कळ पाहिले होते.

अलीकडंच नातवानं विम्याचा कागद मला वाचून दाखवला. घरातलं कोण त्यात बसतं, कोण बसत नाही, आधीचं दुखणं धरतात की नाही, किती महिने थांबायचं. तो जीव तोडून समजावत होता आणि मी मान हलवत होते. त्यातलं एकही कलम मला नवं नव्हतं.

पण तेव्हा मला कुणाचंच ऐकायचं नव्हतं. विशीतल्या धडधाकट बाईला वैद्याचं काय अगत्य? चैत्रात मी ओढ्याची माती आणली, शेणात मळली आणि मागच्या खोलीत चूल घातली. पुढचं घर जाऊबाईंकडं राहिलं. ती नीट वाळायच्या आधीच पेटवली, त्यामुळं तिला एक चीर गेली. चिरेतून धूर यायचा आणि मी डोळे पुसत भाकरी थापायची. तरी मी सुखात होते. कालवणात मीठ मी टाकीन तेवढंच. जाऊबाई दारावरून जायच्या, मी भांड्यावर झाकण घालून त्यावर पाटा ठेवायची.

मुलगी तेवढी घरात ठरत नव्हती. सकाळी उठली की गायब. जेवायला बसवलं की दोन घास खायची आणि उठायची. मला वाटलं उन्हाळा आहे, अन्न जात नसेल. मग पावसाळा आला तरी तेच. मी चिडायची, एखादी चापटही द्यायची, आणि ती रडत पुढच्या दारात जाऊन बसायची.

भाद्रपदात ताप आला. आधी तांड्यावर आला, मग गावात शिरला, आणि आठ दिवसांत एक घर आड अंथरूण पडलं. लढाईची वर्षं होती ती. राकेल मिळत नव्हतं, कापड मिळत नव्हतं. वसमतला सरकारी दवाखाना होता, पण भाद्रपदातल्या काळ्या चिखलातून गाडी वसमतला कशी न्यायची? मधले दोन ओढे भरून वाहत होते. वैद्यबुवा आपल्या तट्टावरून या गावचे त्या गावाला फिरत होते, आणि त्यांचं जेवणही तट्टावरच होतं म्हणत.

आमची मुलगी मंगळवारी सकाळी अंगणात बसल्या बसल्या कलंडली. दुपारपर्यंत अंग तव्यासारखं झालं. मी कपाळावर पट्ट्या ठेवल्या, गुळवेल उकळून पाजली, ती तिनं ओकून टाकली. बुधवारी ती मला ओळखेना. लघवी होत नव्हती. डोळे अर्धे उघडे ठेवून ती नुसती कण्हत होती, आणि मी तिच्याजवळ बसायची, उठायची, दारात जायची, परत बसायची. नवरा पहाटेच बुवांच्या गावाला चालत गेला होता. दुपारी परत आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि बुवा तिथं नव्हते.

गुरुवारी दुपारी तट्टाचा घुंगरू वाजला. बुवा आमच्याच गल्लीत, तीन घरं सोडून, दुसऱ्याच्या दारात उतरले होते. ते बाहेर येईपर्यंत मी त्यांच्या तट्टाचा लगाम धरून उभी राहिले.

"पोरगी जाऊन राहिली, बुवा," मी म्हणाले. "आधी माझ्याकडं चला."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे लाल होते त्यांचे, चार दिवस झोप नसावी. म्हणाले, "तुमची चूल येगळी झाली न्हवं चैतात?"

"झाली. मग?"

"मग आधी सुपाच्या चुली. हितून वेशीपर्यंत चौदा घरं हायेत. त्यानंतर येतो."

"कवा?"

"परवा. न्हाईतर तेरवा."

मी हातातल्या चांदीच्या पाटल्या काढल्या आणि पुढं केल्या. त्यांनी हातही लावला नाही. "ह्या घेऊन मी काय करू, बाई? माझ्याकडं वखुत न्हाई. तुमच्या पाटल्या घेतल्या तर ज्यानं सूप दिलं त्याला काय सांगू?"

मग मी भांडले. मला तेच येत होतं. म्हणाले, माघात त्या सुपात माझ्या तोंडाची ओंजळ पडली होती, माझ्या पोरीची पडली होती, आठ म्हणून आकडा सगळ्यांनी ऐकला होता. ती ज्वारी तुमच्या कणगीत गेली ना? मग आता माझं तोंड कुठं गेलं? बुवांनी सगळं ऐकून घेतलं. "पडली ओंजळ, बराबर हाये," ते म्हणाले. "पन ओंजळ चुलीला पडती, माणसाला न्हाई. तुमी चूल सोडली."

"आत्ता मोडते माझी चूल. लाथ मारते तिला."

"मोडलेली चूलबी खळ्यावरच जुळती, बाई. मधी न्हाई."

सासूबाई हेच सांगत होत्या. माझी चूक माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली. माझ्या एका तोऱ्यापायी माझी पोर जाणार, हे मला स्वच्छ कळलं. एवढी भीती मला त्याआधी आणि त्यानंतर कधी वाटली नाही. गल्लीत लोक जमले होते, पण कुणी मधे पडत नव्हतं, कारण त्यातल्या प्रत्येकाच्या घरात कुणी ना कुणी निजलेलं होतं.

तेवढ्यात जाऊबाई बाहेर आल्या. हात पिठाचे होते. माझ्याकडं न बघता त्या बुवांना म्हणाल्या, "ते पोरगं माझ्या चुलीवरचं हाये."

बुवा म्हणाले, "आक्का, पोरगी धाकटीची."

"जलमली धाकटीच्या पोटी. जेवती माझ्याकडं. चैतापसून एक दिस खाडा न्हाई. माझ्या पोरांना इचारा."

 बुवा माझ्याकडं वळून म्हणाले, "ह्याच्यात मायचा शबुद पायजे. पाच माणसात सांगा, बाई. तुमची लेक कोनाच्या चुलीवर जेवती?"

मला माहीत नव्हतं. जाऊबाई खरं बोलत होत्या की माझ्यासाठी खोटं बोलत होत्या, मला खरोखरच माहीत नव्हतं. हो म्हणायचं म्हणजे साऱ्या गल्लीपुढं कबूल करायचं, की मी चूल मांडली आणि त्या चुलीवर माझ्या एकुलत्या एका लेकराचं पोट भरलं नाही. नाही म्हणायला जीभच नव्हती. मी म्हणाले, "जावेच्या." आवाज फुटला नाही म्हणून बुवांनी पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा मोठ्यानं म्हणाले.

लगेच हालचाल झाली. बुवांनीच पोरीला उचललं आणि जाऊबाईंच्या घरात नेऊन त्यांच्या चुलीजवळच्या घोंगडीवर ठेवलं. सुपाच्या घराचा दुखणेकरी सुपाच्या घरातच निजायचा. त्यांनी कसलीशी मात्रा सहाणेवर उगाळली, मधात चाटवली, पोटावर ओल्या मातीचा लेप दिला. दर घटकेला दोन चमचे पाणी पाजायला सांगितलं, आणि हे सगळं त्यांनी जाऊबाईंना सांगितलं. मी तिथंच दाराला पाठ लावून उभी होते. पेज जाऊबाईंच्या भांड्यातली, पाणी जाऊबाईंच्या घागरीतलं. मी एकदा वाटी उचलायला गेले तर सासूबाईंनी हळूच माझा हात मागं ओढला.

बुवा रोज येत होते. मी अंगणात फेऱ्या मारत होते. दुसऱ्या रोजी लघवी झाली हे जाऊबाईंनी आतूनच ओरडून सांगितलं, आणि नवरा गोठ्यात जाऊन रडला. पाचव्या दिवशी पोरीला घाम फुटला. तिनं डोळे उघडले, इकडंतिकडं बघितलं आणि भाकरी मागितली. मी तिच्या उशाशी होते. तिनं ती माझ्याकडं मागितली नाही, "मोठे आई, भाकर" असं म्हणाली.

पोर वाचली. त्याहून मोठं काही नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी पाच माणसांत शब्द दिला होता, आणि आता तो शब्द पाळायचा होता. माघाच्या खळ्यापर्यंत तिनं माझ्या चुलीवरचं खायचं नव्हतं. ताप उलटत होता, काही घरांत तो दोनदा-तीनदा आला. तिला माझ्या घरी जेवताना कुणी बघितलं असतं, तर पुढच्या खेपेला मी कुणाच्या तट्टाचा लगाम धरणार होते?

भाद्रपद ते माघ, पाच महिने मी दोन माणसांचा स्वयंपाक केला. ती निजायला माझ्याकडं असायची, जेवायला तिकडं. दिवाळीच्या करंज्या तळताना ती समोर बसून बघत होती. मी डबा भरला, फळीवर ठेवला, आणि तिला म्हणाले, मोठ्या आईकडं जा, तिकडं मिळतील. ती लगेच उठून गेली, हट्ट केला नाही. तिनं हट्ट करायला हवा होता असं मला फार वाटलं.

एकदा माझ्यानं राहवलं नाही. गोठ्याच्या मागं नेऊन तिला गूळ-भाकरी भरवली, चार घास. मग संध्याकाळपर्यंत मी दहा वेळा तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ थंड होतं, माझाच हात तापलेला होता. त्यानंतर पुन्हा तसं केलं नाही.

कार्तिकात कधीतरी जाऊबाई आणि मी शेंगा फोडत बसलो होतो. इतके दिवस घशात अडकलेलं मी विचारून टाकलं. "आक्का, पोरगी खरंच तुमच्याकडं जेवायची चैतापसून? का त्या दिवशी उगंच बोलल्या?"

त्यांनी शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "रोज यायची. तोंड न धुताच यायची."

"मला काहून सांगितलं न्हाई?"

"सांगितलं असतं तर तिला बांधून ठेवलं असतं तू. आन खरं सांगू का? मायच्या कालवणात मीठ न्हाई म्हनायची."

मी हातातल्या शेंगा फेकल्या आणि उठले. ओढ्यापर्यंत गेले, परत आले. रात्री पहिल्यांदा स्वतःचं कालवण नीट चाखून बघितलं. ते अळणी होतं. सहा वर्षं त्यांच्या चिमटीला धरून मी आधीच कमी मीठ घालत आले होते, आणि वेगळी झाल्यावरही हाताची सवय गेली नव्हती. नवरा इतके महिने निमूट तेच खात होता. विचारलं तर म्हणाला, "तू रागावशील म्हणून."

माघ आला. त्या साली सरकारची लेव्ही होती. धान्य मोजून न्यायला माणसं गावात उतरली होती. तरी राशीतून पहिलं सूप वैद्याचंच निघालं, त्याआधी कुणी मापाला हात लावू दिला नाही. मी माझं सूप आदल्या दिवशी सारवून वाळवलं होतं. पहाटेपासून खळ्यावर जाऊन बसले होते. बुवा आले, कांबळं अंथरून बसले. मी सूप शिगोशीग भरलं, वर तीन ओंजळी टाकल्या, आणि लांबच्या खळ्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "तीन." माझी पोर माझ्या चुलीवर आली. पाच महिने छातीवर ठेवलेला धोंडा उतरला. मला कधी एकदा घरी जाईन आणि तिला पाटावर बसवीन असं झालं.

माझ्या मागून जाऊबाई आल्या. त्यांनी सूप भरलं आणि ओंजळी टाकायला लागल्या. बुवा मोजत होते. पाचवी पडल्यावर त्यांनी सूप ओढायला हात पुढं केला. जाऊबाईंनी सहावी टाकली.

"सा," त्या म्हणाल्या.

"आक्का, पाच. पोरगी तिकडं गेली."

"जाऊ द्या. हिकडंबी ऱ्हाऊ द्या."

"एक तोंड दोन सुपात? असं कधी झालं न्हाई."

"न्हाई झालं तर आता झालं. ज्वारी माझी हाये, तुमाला काय तकलीफ? ही धाकटी. हिचा काय नेम, उद्या चूल उचलून हट्ट्याला नेईल. वरीस मोठं असतंय, बुवा."

खळ्यावरची माणसं हसली. मला राग आला. वर्षातून एक दिवस, एक आकडा, तोही मला एकटीला मिळू नये? बुवांनी माझ्याकडं बघितलं. मायचा शब्द पुन्हा लागणार होता. जाऊबाई माझ्याकडं बघत नव्हत्या. त्या दोन्ही हातांनी ती सहावी ओंजळ सुपावर दाबून धरून बसल्या होत्या, कुणी काढून घेईल म्हणून. पाच महिने दोन वेळा त्या हातांनी माझ्या लेकीला भरवलं होतं. आज संध्याकाळपासून ते हात रिकामे राहणार होते, जसे पाच महिने माझे राहिले.

"पोरगी माझी" हे शब्द मी कार्तिकापासून तयार ठेवले होते. ते मी बोलले नाही.

"दोन्हीकडं ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले, आणि त्यांचं सूप उचलायला दुसऱ्या बाजूनं हात लावला.